वर्गातला अँटनी आणि वर्गाबाहेरचा सिन्ना

इंग्रजीच्या तासाला आपण मुलांना शब्द शिकवतो, व्याकरण शिकवतो, उतारा वाचून त्याखालच्या प्रश्नांची उत्तरे कशी शोधावीत हेही शिकवतो. पण एखाद्याचे म्हणणे खरे का मानावे, किंवा का मानू नये, हा प्रश्न त्या तासाला सहसा निघत नाही. तो गणिताच्या किंवा शास्त्राच्या मास्तरांनी काढावा, भाषेच्या मास्तरांचा त्याच्याशी काय संबंध, अशी आपली समजूत दिसते. सहावी ते आठवी या वर्गांतील मुलांना वाद घालण्याची हौस दांडगी असते. घरी, मैदानावर, शाळेच्या व्हरांड्यात ती अखंड वाद घालत असतात. नेमक्या याच वर्गांत इंग्रजी हा रिकाम्या जागा भरण्याचा, जोड्या लावण्याचा आणि समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांचा विषय होऊन बसतो. वक्तृत्व म्हणून जे शिकवले जाते ते वर्गाबाहेर, स्पर्धेच्या निमित्ताने. तेथे पाठांतराला गुण असतात, आवाजाला असतात, हावभावांना असतात. भाषणात जे सांगितले ते पटण्याजोगे होते की नाही, याला गुण देणारा परीक्षक विरळाच.

शब्द, युक्तिवाद आणि वक्तृत्व या तीन गोष्टी अशा तीन खोल्यांत निरनिराळ्या ठेवल्याने काय बिघडते, हे दाखवण्यासाठी मी एकच उदाहरण घेणार आहे. ते म्हणजे शेक्सपिअरच्या 'ज्यूलिअस सीझर' या नाटकातील अँटनीचे भाषण. इंग्रजी शिकलेल्या समाजांत शाळकरी वक्तृत्वाचा नमुना म्हणून जे उतारे पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले गेले, त्यांत याचे स्थान फार वरचे आहे. आपल्याकडेही खांद्यावर चादर टाकून हे भाषण करणारा मुलगा ज्यांनी पाहिला नाही, असे माझ्या वयाचे वाचक थोडेच असतील. हे भाषण उत्कृष्ट आहे यात शंका नाही. माझा आक्षेप ते शिकवण्याच्या पद्धतीवर आहे. आपण त्याला नाटकातून कापून बाहेर काढतो. आणि कापताना ज्या पानांवरून कात्री फिरते, तीच पाने युक्तिवाद शिकवण्याच्या खरी उपयोगाची आहेत.

२

प्रथम ब्रूटसकडे पाहू. अँटनीच्या आधी तो बोलतो आणि गद्यात बोलतो. अँटनी पद्यात बोलतो. एवढा फरक टिपून टीपा देणारी गाइडे पुढे सरकतात आणि ब्रूटस बुद्धीला आवाहन करतो, अँटनी भावनेला, असा निकाल देऊन मोकळी होतात. हा निकाल मला कधीच पटलेला नाही. ब्रूटसच्या भाषणाला तर्काचा आकार आहे, पण त्यात तर्काचा ऐवज किती आहे? सीझर राज्यलोभी होता म्हणून आपण त्याला मारले, असे तो सांगतो. तो राज्यलोभी होता याला पुरावा काय? एकही नाही. पुरावा म्हणून ब्रूटस स्वतःचे नाव पुढे करतो: मी प्रामाणिक आहे हे तुम्ही जाणता, तेव्हा माझे म्हणणे माना. नंतर तो श्रोत्यांपुढे दोनच वाटा ठेवतो. एक, सीझर जिवंत आणि आपण सगळे गुलाम. दुसरी, सीझर मेलेला आणि आपण सगळे स्वतंत्र. तिसरी वाट असू शकते, हे कोणाला सुचण्याच्या आधीच तो विचारतो की गुलाम होण्याइतका हलका येथे कोण आहे? त्याने पुढे यावे. अशा प्रश्नाला कोण पुढे येणार? कोणी आले नाही म्हणून ब्रूटस आपली बाजू सिद्ध झाली असे समजतो. जमावाला त्याचे म्हणणे कितपत कळले ते लगेच दिसते. ब्रूटसलाच आता सीझर करा, असे त्यातला एक जण ओरडतो. राजा नको म्हणून ज्याने खून केला, त्यालाच ते राजा करायला निघाले!

आता अँटनी. तो पुरावे देतो, आणि ब्रूटसने एकही दिला नसल्यामुळे ते फार भारी वाटतात. सीझरने कैद्यांच्या खंडणीने सरकारी खजिना भरला. गरिबांचे रडणे ऐकून तो रडला. ल्यूपरकॅलच्या सणाला पुढे केलेला मुकुट त्याने तीनदा नाकारला. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या मानल्या तरी त्यांनी काही सिद्ध होत नाही, हे आठवीतल्या मुलाला थोडा वेळ दिला तर कळते. सत्ता हवी असणारा माणूस खजिना भरील आणि गरिबांसाठी रडेलही. किंबहुना तोच ते अधिक मनापासून करील. उरला मुकुट. हा पुरावा वजनदार आहे. पण त्याची दुसरी हकिगत पहिल्या अंकात कास्काच्या तोंडून येऊन गेली आहे. सीझरने मुकुट नाकारला हे खरे, परंतु प्रत्येक वेळी आधीपेक्षा मऊपणाने नाकारला. त्याची बोटे मुकुटावरून निघायला तयार नव्हती, असे कास्काला वाटले. आता मुलांना विचारावे, यात खरे कोणते? आणि मुले घाईने कास्काच्या बाजूने कौल देऊ लागली की विचारावे, हा कास्का कोण? तो कुत्सित स्वभावाचा आहे आणि पुढे सीझरवर पहिला वार करणारा तोच आहे. साक्ष तपासायची तर साक्षीदारही तपासावा लागतो. एका प्रसंगाच्या या दोन हकिगती शेजारी शेजारी ठेवल्या, तर युक्तिवादावरचे स्वतंत्र पुस्तक आणण्याची गरज पडत नाही.

याहून मौजेची गोष्ट सीझरच्या झग्याची. अँटनी झग्यावरची छिद्रे दाखवतो आणि सांगतो, येथून कॅशिअसचा खंजीर गेला, हे छिद्र कास्काचे, हे ब्रूटसचे. येथे रंगभूमीवर प्रेक्षक गहिवरतात आणि स्पर्धेत मुलाला टाळ्या मिळतात. पण खुनाच्या वेळी अँटनी तेथे होता कोठे? ट्रेबोनिअसने त्याला आधीच बोलत बोलत दूर नेले होते. कोणते छिद्र कोणाचे, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. नाटककाराने हे लपवलेले नाही. थोड्याच पानांपूर्वी ते सर्वांसमक्ष घडले आहे. आपण ती पाने वर्गात आणत नाही, म्हणून आपली मुले रोमच्या जमावाइतकीच फसतात.

मृत्युपत्राचेही तसेच. ते अँटनी आधी दाखवतो, वाचत नाही. वाचायला नको म्हणतो आणि त्यामुळे सगळे ते ऐकायला अधीर होतात. प्रत्येक रोमन नागरिकाला ७५ द्राक्मा आणि टायबरकाठच्या बागा, हे कळेपर्यंत जमाव इतका पेटलेला असतो की तो मृत्युपत्र विसरून धावू लागतो. अँटनीलाच त्याला आठवण करून परत बोलवावे लागते. यावरूनही मृत्युपत्राचे काम काय होते ते कळते. पुढे चौथ्या अंकाचा पडदा उघडतो तेव्हा हाच अँटनी लेपिडसला सीझरच्या घरी पाठवतो. ते मृत्युपत्र घेऊन ये, त्यातल्या देण्यांना कात्री कशी लावता येईल ते पाहू, असे त्याला सांगतो. भाषण आणि हे चार शब्द यांच्यामध्ये एकच छोटा प्रवेश आहे. शाळेच्या पुस्तकात मात्र हे अंतर कधी संपतच नाही, कारण पुस्तक भाषणापाशीच थांबते.

३

आता शब्दांकडे वळू. शब्दसंग्रह वाढवणे म्हणजे शब्दांपुढे त्यांचे अर्थ लिहिणे, असे आपण समजतो. या नाटकातला कळीचा शब्द 'अँबिशस'. त्यापुढे मूल 'महत्त्वाकांक्षी' असे लिहिते. कोशात पाहिले तरी हेच मिळते. मी सातवी-आठवीला इंग्रजी शिकवीत असताना हा शब्द आला की एक प्रश्न ठरलेला असे: "पण सर, महत्त्वाकांक्षा तर चांगली ना?" प्रश्न बिनतोड आहे. ज्या मुलांना शाळेच्या भिंतीवरची सुभाषिते आणि घरची वडीलधारी माणसे रोज महत्त्वाकांक्षी व्हा म्हणून सांगत असतात, त्यांना त्या गुणाबद्दल एखाद्याचा खून व्हावा हे कसे समजावे? शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीत या शब्दाला वाईट वास होता. मुळात लॅटिनमध्ये मते मिळवण्यासाठी दारोदार फिरणे असा त्याचा अर्थ होता. मराठीत येथे राज्यतृष्णा, सत्तेची हाव, असे काही म्हणावे लागेल. म्हणजे शब्दाचा अर्थ चुकला तर ब्रूटसची सगळी बाजूच वेडगळ ठरते. शब्दार्थ आणि युक्तिवाद वेगळ्या तासांना शिकवता येत नाहीत ते यामुळे. प्रतिपक्षी कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरतो आहे हे आधी ठरवल्याशिवाय वादाला सुरुवातच होत नाही.

दुसरा शब्द 'ऑनरेबल'. तो ब्रूटस आणि त्याचे साथी यांच्यासाठी अँटनी पुन्हा पुन्हा वापरतो. पहिल्यांदा तो सरळ आहे, दुसऱ्यांदा जरासा कललेला, आणि शेवटी त्याची शिवी झालेली असते. अक्षर बदललेले नाही, कोशातला अर्थ बदललेला नाही. हे घडण्याचे एक कारण ब्रूटसनेच घातलेली अट आहे. सीझरची स्तुती कर, पण आम्हाला दोष देऊ नकोस, या अटीवर अँटनीला बोलण्याची परवानगी मिळाली होती. निंदेचा शब्द वापरायला बंदी असल्यामुळे त्याने स्तुतीच्या शब्दाकडून निंदेचे काम करून घेतले. येथे मराठी मुलाला फारसे समजवावे लागत नाही. लग्नपत्रिकेपासून उद्‌घाटनाच्या फलकापर्यंत प्रत्येक पुढाऱ्याच्या नावामागे 'मा.' लावलेले ते पाहत असते. आणि तोच 'माननीय' शब्द घरी वडील पेपर वाचताना कोणत्या सुरात उच्चारतात हेही त्याने ऐकलेले असते. शब्दाचा खरा अर्थ सुरात असतो हे ज्ञान मुलाजवळ आधीच आहे. शिक्षकाने ते इंग्रजीच्या तासाला आत येऊ द्यावे, एवढेच.

४

हे सारे कोवळ्या वयाला झेपण्यासारखे नाही, असे कोणी म्हणेल. त्यांनी ज्या शाळेतून शेक्सपिअर आला त्या शाळेकडे पाहावे. स्ट्रॅटफर्डच्या शाळेची त्या काळची हजेरीपत्रके उरलेली नाहीत. परंतु अशा शाळांतून साधारण सात ते चौदा वर्षांच्या मुलांना काय शिकवीत हे चांगले ठाऊक आहे. इरॅस्मसच्या १५१२ साली निघालेल्या एका पुस्तकात, तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, एवढा साधा आशय शंभरांहून अधिक प्रकारांनी लिहून दाखवला आहे. त्या शाळांतील शब्दसंग्रहाचे शिक्षण ते असे. अ‍ॅफ्थोनिअसच्या पाठांवरून मुले एखाद्या गोष्टीचे मंडन आणि खंडन दोन्ही लिहीत; ऐतिहासिक माणसाच्या तोंडी अमुक प्रसंगी काय भाषण शोभेल ते रचीत. अँटनीचे भाषण प्लूटार्कमध्ये नाही. तेथे ते केल्याचा त्रोटक उल्लेख आहे. थॉमस नॉर्थने १५७९ साली इंग्रजीत आणलेल्या त्या चरित्रांवरून शेक्सपिअरने १५९९च्या सुमारास जे रचले, तो एका अर्थी शाळेतल्या त्या जुन्या गृहपाठाचाच मोठा विस्तार होता. ब्रूटसचीही बाजू त्याने लिहिली, अँटनीचीही लिहिली. दोन्ही बाजू लिहिण्याची सवय असलेला माणूसच दोहोंतली खोट दाखवू शकतो.

आजच्या अमेरिकेतही ही जाणीव नव्याने झालेली दिसते. तेथे २०१० साली तयार झालेल्या आणि चाळीसहून अधिक राज्यांनी त्या काळात स्वीकारलेल्या समाईक शैक्षणिक निकषांत मन वळवणे आणि युक्तिवाद करणे यांत स्पष्ट भेद केला आहे. सहावीपासून मुलाने आपले विधान मांडावे, त्याला कारणे आणि पुरावा द्यावा. सातवीपासून विरुद्ध विधानाचीही दखल घ्यावी, अशी तेथे अपेक्षा आहे. हा भेद आपल्याला परका नाही. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले: सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा नुसता पाडण्यासाठी होते ती वितंडा. आपल्या वक्तृत्व स्पर्धा बहुधा जल्पात मोडतात. आणि 'पूर्वपक्ष' नावाची जी सुंदर शिस्त आपल्या शास्त्रीय ग्रंथांत आहे, विरोधकाचे म्हणणे आधी त्याला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडायचे, ती तर आपण शाळेच्या दाराबाहेरच ठेवली आहे.

मात्र अमेरिकन वर्गांतल्या एका खोडीपासून सावध राहायला हवे. अ‍ॅरिस्टॉटलने सांगितलेली मन वळवण्याची तीन साधने, म्हणजे वक्त्याचे शील, श्रोत्यांची भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद, यांची नावे मुलांना देतात आणि उताऱ्यात ती कोठे आली आहेत ते अधोरेखित करायला सांगतात. झग्याखाली रेघ मारून शेजारी भावना असे लिहिले की गुण मिळाला! पण भावनेला आवाहन केले म्हणून म्हणणे खोटे ठरत नाही, आणि आकडा दिला म्हणून खरे ठरत नाही. झगा दाखवणाऱ्या अँटनीला ती छिद्रे कोणाची हे माहीत होते का, हा खरा प्रश्न. आणि तो रेघ मारून सुटत नाही. साधनाला नाव देणे हे तपासणीचे पहिले पाऊल आहे. तेथेच थांबले तर मुलांच्या हाती फक्त आणखी तीन शब्द येतात.

५

आपल्याकडच्या अडचणी खऱ्या आहेत, त्या मी डोळ्यांआड करीत नाही. मराठी माध्यमातल्या सातवीच्या मुलाला शेक्सपिअरचे इंग्रजी झेपणार नाही. लॅम्ब भावंडांनी मुलांसाठी १८०७ साली सोप्या भाषेत वीस नाटकांच्या गोष्टी लिहिल्या, पण त्यांत 'ज्यूलिअस सीझर' नाही. तेव्हा कथानक मराठीत सांगावे, भाषणे सोप्या इंग्रजीत करून घ्यावीत, वाद आधी मराठीत होऊ द्यावा. त्याने इंग्रजीचे नुकसान होत नाही. वादाला लागणारे इंग्रजी शब्द मोठे नसतातच. बट, बिकॉज, इफ, अनलेस, ऑल्दो, देअरफोर, एवढी सहा चिमुकली अव्यये ज्या मुलाला नीट वापरता येतात, त्याने पाठ केलेल्या तीनशे भारदस्त विशेषणांहून मोठे धन मिळवले. ती पाठ करून येत नाहीत. काही तरी पटवून द्यायचे असेल, कोणी तरी समोरून नाही म्हणत असेल, तेव्हाच ती जिभेवर येतात. आगरकरांनी १८८८ साली वाक्यमीमांसेवर पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी 'सुधारक' काढला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. वाक्याचे अवयव सोडवून पाहणाऱ्या बुद्धीला रूढीचे अवयवही सोडवून पाहावेसे वाटणारच.

दुसरी अडचण अशी की मुलांना वाद शिकवला तर ती मोठ्यांना उलट उत्तरे देतील. देतील, काही दिवस तरी देतील. पण आपल्या इंग्रजीच्या तासाला मुलाला जे लेखन हमखास करावे लागते ते अर्जाचे: रजा मिळावी, दाखला मिळावा, कृपा व्हावी. नम्रपणे मागण्याचे इंग्रजी आपण त्याला देतो. नम्रपणे नाही म्हणण्याचे देत नाही. पुढे त्याच भाषेत कचेरीचे कागद येतात, कोर्टाचे कागद येतात, औषधाची आणि कर्जाची जाहिरात येते. तेथे सही करण्यापूर्वी हे कशावरून, असे विचारता न येणारा माणूस आज्ञाधारक खरा, पण त्याची आज्ञाधारकता कोणाच्या उपयोगी पडते याचा विचार व्हावा.

६

आणि आता सिन्ना. भाषण संपते, जमाव जळते पलिते घेऊन धावतो, अँटनी मनाशी समाधान पावतो. त्यानंतरचा प्रवेश अगदी लहान आहे. सिन्ना नावाचा एक कवी सीझरच्या अंत्यविधीला निघाला आहे, आणि तो सीझरचा मित्र आहे. कटवाल्यांतही एक सिन्ना आहे. हा तो नव्हे. जमाव त्याला रस्त्यात गाठतो आणि चार प्रश्न विचारतो: नाव काय, कोठे चाललास, राहतोस कोठे, लग्न झाले आहे की नाही. वर चार जण चार सूचना देतात, की उत्तर सरळ दे, थोडक्यात दे, शहाणपणाने दे आणि खरे दे. ज्याने शाळेची प्रश्नपत्रिका पाहिली आहे त्याला या सूचना ओळखीच्या वाटतील. सिन्ना पेपर उत्तम सोडवतो. तो प्रश्न मनाशी पुन्हा म्हणून पाहतो आणि एकेकाचे उत्तर देतो. त्याचे नाव ऐकताच जमाव त्याला कटवाला ठरवतो. मी तो नव्हे, मी कवी, असे तो सांगतो. तर एक जण म्हणतो, मग वाईट कवितांबद्दल याला मारा! माणूस तो नाही हे कळल्यावरही हात थांबत नाहीत; नाव तरी तेच आहे ना! आणि ते त्याला घेऊन जातात.

सिन्नाच्या मृत्यूची हकिगत प्लूटार्कमध्ये आहे. हे चार प्रश्न आणि चार सूचना मात्र शेक्सपिअरच्या. रंगभूमीनेही हा प्रवेश पुष्कळ काळ गाळला. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये ऑर्सन वेल्सने हे नाटक त्या काळच्या फॅसिस्ट पेहरावात केले, तेव्हा हाच प्रवेश प्रयोगाचा सर्वांत भयंकर क्षण ठरला. त्या साली प्रेक्षकांना रोममध्ये काय चालले आहे हे वेगळे सांगावे लागले नाही.

हा प्रवेश मुलांना दाखवू नये, तो फार क्रूर आहे, असे मला सांगितले गेले आहे. पण अँटनीचे भाषण त्यांच्याकडून पाठ करून घेतो त्या वेळी आपण त्यांना या क्रौर्याचे पहिले अर्ध शिकवून चुकलेलो असतो. वक्तृत्वाचे सामर्थ्य दाखवायचे तर त्याचा हिशेबही दाखवावा. उत्तर बरोबर असणे पुरेसे नाही. ऐकणाऱ्याला ते तोलता यावे लागते, आणि तोलण्याची ही विद्या शिकवण्याचे वय बारा-तेरा वर्षांचेच आहे. एखाद्या शिक्षकाने यंदा अँटनीचे भाषण वर्गात घेतले, तर पुढची दोन पाने उलटण्यासाठी आणखी एक तास काढावा. मुलांना एवढेच विचारावे की त्या गर्दीत तुम्ही असता, आणि सिन्ना खरे बोलतो आहे हे तुम्हाला कळले असते, तर ते इतरांना पटवण्यासाठी तुम्ही पहिले वाक्य कोणते बोलला असता? ते वाक्य मुलांनी इंग्रजीत लिहावे. व्याकरणाच्या चुका नंतर दुरुस्त करता येतील.